इलेक्ट्रिक गाड्या आल्या की देशाच्या वाहतुकीतून होणारं कार्बन उत्सर्जन कमी होईल का?

स्कूटर, रिक्षा, केएमटीची (कोल्हापूर शहरातली) बस एवढ्यापुरतं हो. वीज कोळशाची असली तरी फायदाच आहे. पण तुम्ही देशाचं विचारलंय, आणि ट्रक सोडून देशाची वाहतूक होत नाही. मी अकरा वर्षं कोल्हापूरचा गूळ भरून अहमदाबादला गाडी मारली.

एका हंगामात तिकडं माल उतरवला आणि परतीच्या भाड्यासाठी थांबलो. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यांचा रंगाचा माल देतो, असा दलालाचा शब्द होता. तेवढ्यात थोरल्या दादाचा फोन. "यार्डात रवे (गुळाच्या ढेपा) भरायला पडलेत, गाडी हाय तशी आण." म्हटलं, एक रात्र थांब. तर म्हणतो, "गाडी उभी करून बँकेचा हप्ता तू भरणार काय?" आणली. जवळजवळ नऊशे किलोमीटर रिकामा हौदा खडखडत. रिकाम्या गाडीला सहाचं ॲव्हरेज धरा, दीडशे लिटर डिझेल गेलं. एक लिटर जळालं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो (हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो म्हणून वजन वाढतं, मलाही आधी पटलं नव्हतं). म्हणजे चारशे किलो. आणि आणलं काय? मी, क्लीनर आणि ताडपत्री. इथं पोचलो तर हमालांनी काम बंद ठेवलेलं. माल भरला तिसऱ्या दिवशी.

म्हणून माझं मत सरळ आहे: आधी रिकाम्या फेऱ्या थांबवा, मग बॅटरीचं बघू. लांब पल्ल्याच्या ट्रकला बॅटरीचं वजनच एवढं होतं की तेवढा माल कमी भरावा लागतो. बीएस-६ (गाड्यांच्या धुराचं सरकारी मानक) आलं, धूर कमी झाला, पण कार्बन डायऑक्साइड जेवढं डिझेल जळेल तेवढा होणारच.

खरं तर नऊशे किलोमीटरचा माल रेल्वेनंच जावा. ट्रकवाला असून म्हणतोय. टनामागं रेल्वेला इंधन फार कमी लागतं. शाहू महाराजांच्या काळात, १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली, आता त्या मार्गावर विजेची इंजिनंही धावतात. अडतं कुठं, तर दहा टनांच्या व्यापाऱ्याला अख्खी मालगाडी भरता येत नाही, आणि दोनदा चढउतार म्हणजे दुप्पट हमाली आणि फुटलेले रवे.

हां, दूध-भाजीला थांबून चालत नाही, ते वेगळं. आकडेही माझ्या जुन्या गाडीचे आहेत, तुमची जास्त ॲव्हरेज देत असेल. पण गुळाला एक रात्र थांबता येत होतं. दादा हे वाचणार नाही, पुतण्या वाचतो. त्यानं घरची वही काढून बघावी, त्या दीडशे लिटरचे पैसे कुणाच्या हिश्श्यातून कापलेत.