मधे इंग्रजी कशाला?

बाळा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, दोनदा वाचला. जर्मनची बी वन पातळी झाली, पुढच्या बी टूचं पुस्तक उघडलं आणि आता तोंडच उघडत नाही, क्लासमधली एकोणीस-वीस वर्षांची पोरं भराभरा बोलतात आणि मी अठ्ठाविसाव्या वर्षी काय शिकणार असं लिहिलंयस. अगो, मी जर्मनचा पहिला शब्द शिकले तेव्हा छत्तीस वर्षांची होते, नाईट ड्युटी संपवून सकाळच्या एसटीत वही उघडायची. आणि इंग्रज पाद्री फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले तेव्हा तिशीला आलेले, इथे येऊन ते आपली भाषा शिकले आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, जवळजवळ ११ हजार ओव्या, मराठीत. त्यामुळे वयाचं कारण मला सांगू नकोस.

तू पाठवलेली ऑडिओ क्लिप ऐकली. प्रत्येक वाक्य तू आधी इंग्रजीत जुळवतेस आणि मग जर्मनमध्ये फिरवतेस, ते मधले थांबे मला ऐकू येतात. आपण इंग्रजीतही अडखळतो, मग दोन परक्या भाषांचं ओझं एकदम कशाला उचलायचं? सरळ मराठीतून जा. आपली मराठी जर्मनच्या किती जवळ बसते ते क्लासमध्ये कोणी सांगत नाही.

हे बघ. 'वाइल इश क्रांक बिन.' कारण मी आजारी आहे. शब्दाखाली शब्द मांडून बघ, एकही जागचा हलत नाही. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं तेवढं वेगळं लक्षात ठेव, पण कारण, की, जर असं काही आलं की ते शेवटी जातं, आणि ते आपल्या जिभेला आयतंच येतं. आकडेही तसेच. बीपी १४२ सांगताना 'हुंडर्ट-त्स्वाय-उंट-फिअरत्सिश', म्हणजे शंभर, दोन आणि चाळीस. आपण काय म्हणतो? एकशे बेचाळीस. आधी बे, मग चाळीस. इंग्रजीतून गेलीस की हमखास १२४ लिहून ठेवशील, आणि चार्टवर ती चूक चालत नाही. फक्त घड्याळाला सांभाळ, 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. मी एकदा ड्युटीला तासभर उशिरा पोचले ती याच्यामुळेच आणि त्या दिवशी खूप रडले होते.

डेर, दी, दासला सगळे घाबरतात. आपल्याकडे तो, ती, ते आहेच की. कुठला शब्द कशात जातो ते जुळेलच असं नाही, सूर्य तिकडे 'ती' आहे, म्हणून शब्द पाठ करताना पुढचं डेर-दी-दास त्याच्यासकट पाठ कर. पण मुलीला 'दास' का म्हणतात असं तू विचारलंस ना, तर तुझी आजी काय म्हणते ते आठव, 'ता चेडू खय गेला?' आपल्या मालवणीत मुलगी 'ते'च असते. दास मेडशन म्हणजे ता चेडू, झालं. आणि त्यांचा झेड म्हणजे आपला चमच्यातला च, दहाला 'झेन' नाही म्हणायचं, त्या च ने म्हण. उमलाउटचा, म्हणजे डोक्यावर दोन टिंबं असलेला यू येत नसेल तर ई म्हणत राहा आणि ओठ मात्र शीळ घालताना करतो तसे गोल कर. आरशासमोर कर, दोन दिवसांत येईल.

आता बोलण्याचं. बी टू पास होऊन मी वॉर्डात गेले आणि पहिल्याच आठवड्यात एका आजींनी 'श्नाबेलटासं' मागितला. मी कप दिला, नाही म्हणाल्या. ग्लास दिला, नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्यांनीच तोंडापुढे बोटं जुळवून चोच करून दाखवली आणि मग कळलं, चोचीचा कप, झोपून पाणी पिताना लागतो तो. त्या रात्री मी त्यांना प्रत्येक वस्तूला बोट लावून विचारलं, 'वी हाइस्ट दास?' याला काय म्हणतात? त्या न कंटाळता सांगत राहिल्या. त्या रात्रीचे शब्द आजही तोंडात आहेत, पुस्तकातले कितीतरी गेले. हा एक प्रश्न घट्ट धर, न येण्याची लाज त्यानेच कमी होते. मात्र पेशंटला कायम 'झी', म्हणजे 'तुम्ही', आपण मालवणीत आजीलाही तू म्हणतो ती सवय तिकडे नेऊ नकोस.

रोज संध्याकाळी मासे साफ करायला बसशील तेव्हा जे करतेस ते मोठ्याने जर्मनमध्ये बोल, आई हसली तर हसू दे, चुकलीस तरी वाक्य पुरं कर, मधे थांबून दुरुस्त करायचं नाही. शब्द अडला तर तिथे मराठी घाल, इंग्रजी नको, आणि अडलेला शब्द रात्री वहीत लिही.

रविवारी मला फोन कर, हाल्ब फ्युन्फला. पहिली दहा मिनिटं फक्त जर्मन बोलायचं, मग घरचं सगळं सांग.

तुझी मावशी