युरोपातल्या फुटबॉल लीगांचा खेळ खरंच वेगवेगळा असतो का?

तुम्ही विचारलंय की इंग्लंड, स्पेन, जर्मनी, इटली इथल्या लीगांमध्ये खेळायची पद्धत खरंच वेगळी असते, की ही नुसती कॉमेंट्रीवाल्यांची बडबड आहे. असते. पण पूर्वीइतकी राहिलेली नाही.

मी मिरजेचा. शाळेपासून उजव्या विंगला खेळलो, आणि अजूनही कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचेस बघायला जातो. बघताना एक खोड लागलीय : बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना सोडायचं आणि ज्यांनी आत्ता घालवला त्यांच्याकडे बघायचं. पुढच्या चार-पाच सेकंदांत लीग ओळखू येते.

जर्मनीत बॉल गेला रे गेला की जवळचे तीन-चार जण तिथंच तुटून पडतात. रांगनिक या जर्मन कोचनं हा विचार रुजवला, आणि कोच क्लॉपच्या डॉर्टमुंड संघानं २०११ आणि २०१२ ला त्याच्या जोरावर लीग मारली. बचावफळी पार वर चढलेली असते, मागं रान मोकळं. अलीकडच्या हंगामांत मॅचमागं सरासरी तीनच्या वर गोल पडतात ते उगाच नाही.

स्पेनमध्येही लगेच झडप घालतात, पण कारण वेगळं. छोटे छोटे पास देत आलेले असल्यामुळं माणसं आधीच बॉलभोवती असतात. झडप चुकली तर मधल्या मैदानात हळूच एक फाऊल, आणि खेळ थंड. (कोच सिमिओनेचा अ‍ॅटलेटिको माद्रिद संघ यात बसत नाही. खाली थांबून, दात-ओठ खात बचाव करून ते २०१४ ला चॅम्पियन झाले.)

इटलीत बहुतेक संघ आधी मागं येऊन बचावाची घडी बसवतात. सांगलीकडच्या माणसाला कुस्तीतली खडाखडी, म्हणजे आधी एकमेकांचा अंदाज घेणं, सांगायला नको. नवख्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. म्हणून इटली म्हणजे फक्त बचाव, हे मात्र कोच एरेराच्या इंटर मिलान संघाच्या काळातलं, १९६० च्या दशकातलं झालं. गॅस्पेरिनी कोच होता (२०१६ ते २०२५) तेव्हाचा अटलांटा संघ बघा, अख्ख्या मैदानभर माणसाला माणूस चिकटवायचा. २०२४ च्या युरोपा लीगच्या (देशोदेशीच्या क्लबांची स्पर्धा) फायनलमध्ये त्यांनी लेव्हरकुसेनला ३-० नं धुतलं. त्या हंगामातला लेव्हरकुसेनचा तो एकमेव पराभव. आणि गंमत म्हणजे त्या जर्मन संघाचा तेव्हाचा कोच झाबी अलोन्सो, स्पॅनिश! आता सांगा, कुठली पद्धत कुणाची?

इंग्लंडमध्ये बॉल गेला की दोन्ही संघ पळत सुटतात. रेफरी धक्काबुक्कीला सहसा शिट्टी मारत नाही. २०१६ ला स्पॅनिश कोच ग्वार्डिओला मँचेस्टर सिटीत आल्यावर तिथले गोलकीपरसुद्धा पास द्यायला शिकले, तरी ब्रेंटफर्डसारख्या संघांचे लांब थ्रो आहेतच.

थंडीत शनिवारी रात्री आठला जर्मनीची मॅच लागते, साडेआठला इंग्लंडची. रिमोट हातात धरून आलटून पालटून बघा. इटलीची रात्रीची मॅच आपल्याकडं सव्वाएकला सुरू होते. ती मी दुसऱ्या दिवशी बघतो, सकाळी सातला दुकान उघडायचं असतं.