सिंकमध्ये काय ओतू नये : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे स्वयंपाकघरातील सिंक, मोरी आणि सोसायटीची ड्रेनेज लाइन यांच्याविषयी आहेत. त्यांपैकी पाच पत्रे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : कोथरूडमधील आमची चार मजली इमारत बरीच जुनी आहे. दर दिवाळीनंतर तळमजल्यावरील सिंक तुंबतात आणि वरच्या घरांतील खरकटे पाणी त्यांतून उफाळून येते. प्लंबर म्हणतो की, वरची मंडळी तळणीचे तेल ओततात. वरची मंडळी म्हणतात की, आम्ही तेलामागोमाग कढत पाणी आणि भांड्यांचा साबण सोडतो, त्यामुळे ते वाहून जाते. खरे कोणाचे?

उत्तर : प्लंबरचे. कढत पाण्याने तूप-तेल पातळ होऊन सिंकखालच्या वाकड्या नळीतून पुढे जाते, ही गोष्ट खरी आहे. पण उभ्या पाइपातून उतरता उतरता त्या पाण्याची ऊब संपते, आणि तळमजल्यापाशी जेथे उभा पाइप वळून आडवा होतो, तेथे प्रवाह मंदावून स्निग्धांश आतल्या बाजूला धरतो. म्हणूनच तेल ओतणाऱ्याचे सिंक स्वच्छ राहते आणि त्रास खालच्या घराला होतो. साबणाचेही तसेच आहे. ताटाला लागलेला ओशटपणा काढण्याइतकी त्याची ताकद असते, वाटीभर तेल धरून ठेवण्याइतकी नसते. पुढे पाणी मिसळून साबण विरळ झाला की, सुटे झालेले तेलाचे थेंब पुन्हा एकत्र येतात.

साजूक तूप आणि वनस्पती तूप पुण्याच्या थंडीत डब्यातही घट्ट होते, खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठते, तेव्हा त्यांच्याबद्दल कोणाला शंका नसते. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल मात्र येथील हिवाळ्यातही पातळ राहते, त्यामुळे ते निरुपद्रवी असल्याचा समज पसरला आहे. वास्तविक सांडपाण्यात तेलाचे विघटन होऊन मेदाम्ले सुटतात, पाण्यातील आणि सिमेंटच्या चेंबरमधील कॅल्शियमशी त्यांचा संयोग होतो, आणि त्यातून पाण्यात न विरघळणारा एक घट्ट थर तयार होतो. ज्या सोसायट्यांत बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी वापरले जाते, तेथे त्यासाठी लागणारे कॅल्शियम आयतेच मिळते. पुढच्या वेळी प्लंबर पाइप उघडेल तेव्हा सर्व मजल्यांवरील रहिवाशांनी खाली येऊन तो थर अवश्य पाहावा. तो पिवळट-पांढरा असतो, दाबला तर ओल्या साबणाच्या वडीसारखा चुरतो, त्यात भाताची शिते, चहाची पत्ती आणि मोहरीचे दाणे रुतलेले दिसतात, आणि त्याचा खवट वास हात धुतल्यानंतरही जात नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली भुयारी गटारात अशाच स्निग्ध पदार्थांचा, ओल्या वाइप्स आणि इतर कचऱ्यासह घट्ट झालेला, सुमारे २५० मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा अडथळा सापडला होता, आणि तो फोडून काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले होते.

तळण झाले की तेल कढईतच पूर्ण गार होऊ द्यावे आणि मग गाळून झाकणाच्या बाटलीत भरावे. ते पुन्हा पुन्हा तापवून संपवण्याचा आग्रह धरू नये. तळणीत तयार होणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल खाण्यासाठी वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मनाई केली आहे. घरी हे प्रमाण मोजता येत नाही, परंतु तेल काळपट आणि चिकट झाले, फेसाळू लागले किंवा लवकर धुरावू लागले की ते टाकण्याची वेळ आली असे समजावे. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल तयार करता येते, आणि असे तेल गोळा करून पुढे पाठवण्याचा उपक्रम याच प्राधिकरणाने २०१८ मध्ये सुरू केला. एकट्या घराच्या बाटलीसाठी कोणी येणार नाही. सोसायटीने वाहनतळावर एक कॅन ठेवला तर ते जमू शकते. कढईच्या बुडाशी उरलेले तेल, तुपाचे भांडे, लोणच्याच्या बरणीचा खार हे सारे घासायला टाकण्यापूर्वी जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने टिपून घ्यावे आणि तो कागद ओल्या कचऱ्यात टाकावा. दिवाळीतील चकल्या-अनारशांच्या दिवसांत एवढे केले तरी तळमजल्यावरील शेजाऱ्यांचा त्रास मोठ्या प्रमाणात कमी होईल.

प्रश्न : चहाचा गाळ, भात, कणकेचे पाणी हे सर्व कुजणारे पदार्थ आहेत. ते सिंकमधून गेले तर काय बिघडते? (धनकवडी)

उत्तर : कुजायला वेळ लागतो, आणि पाइप तुंबायला त्याहून कमी वेळ पुरतो. चहाची पत्ती पाण्यात विरघळत नाही, ती सिंकखालच्या वळणात तळाशी बसते आणि वरून येणारी तेलकट धुवण तिला चिकटून राहते. भाताची शिते पाण्यात आणखी फुगतात. कणकेची परात आणि हात धुतलेले पाणी मात्र बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. गव्हातील चिकट प्रथिनांमुळे ती कणीक धाग्याधाग्याने पाइपाला धरते, आणि आपल्याकडे ती दिवसातून दोनदा मळली जाते. परात वाळू द्यावी, म्हणजे कणीक उलथन्याने खरवडून निघते. चहाचा गाळ धुऊन कुंडीत घालावा. अंड्याची टरफलेही कुस्करून तेथेच घालता येतात.

नासलेल्या दुधाविषयी वेगळे सांगायला हवे. त्याने पाइप तुंबत नाही, पण दूध कुजताना पाण्यातील प्राणवायू फार मोठ्या प्रमाणावर खर्च होतो. घरगुती सांडपाण्याच्या मानाने ही गरज शेकडो पटींनी अधिक असते. नासलेले दूध वास येण्याइतके खराब झाले नसेल तर त्याचे पनीर करावे.

प्रश्न : आम्ही घरीच बादलीत गणपतीचे विसर्जन करतो. नंतर उरलेले पाणी सिंकमध्ये ओतले तर चालते का? (सदाशिव पेठ)

उत्तर : सिंकमध्येही नको आणि बाथरूमच्या जाळीतही नको. मूर्ती शाडूची असेल तर बादली दोन दिवस न हलवता ठेवावी. माती खाली बसते, वरचे नितळ पाणी झाडांना घालता येते आणि खालची माती वाळवून पुढच्या वर्षी मूर्तीसाठी वापरता येते. हीच माती पाइपात गेली तर आडव्या भागात बसते आणि पाण्याच्या जोराने सहसा निघत नाही.

मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची असेल तर ती साध्या पाण्यात विरघळणार नाही. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यासाठी अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत दाखवून दिली आणि पुणे महापालिकेने ती पावडर क्षेत्रीय कार्यालयांतून नागरिकांना उपलब्ध करून दिली. या पावडरीच्या द्रावणात प्लास्टरमधील कॅल्शियम सल्फेटचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू, आणि अमोनियम सल्फेट यांत होते. अमोनियम सल्फेट हे खत आहे, म्हणून वरचे द्रावण भरपूर पाणी मिसळून झाडांना घालता येते. मात्र मूर्तीवर रासायनिक रंग असेल तर ते भाजीपाल्याच्या कुंड्यांना घालू नये असे आमचे मत आहे. तळाशी उरलेला खडूचा साका वाळवून टाकावा. बादली गॅलरीत ठेवावी, कारण अमोनियाचा वास बंद खोलीत असह्य होतो, आणि त्या दिवसांत जवळपास ब्लीचिंग पावडर वापरू नये. घराचे काम चालू असताना गवंड्याला थापी सिंकमध्ये धुऊ देऊ नये, कारण सिमेंट आणि टाइल्सच्या फटींत भरायचा मसाला पाण्याखालीही घट्ट होतो.

प्रश्न : वडिलांच्या आजारपणानंतर बरीच औषधे उरली आहेत. ती कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून सिरप आणि गोळ्या सिंकमध्ये टाकून देणे योग्य ठरेल का? (औंध)

उत्तर : आपली काळजी योग्य आहे, मार्ग मात्र योग्य नाही. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची रचना सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी असते, औषधांचे रेणू काढून टाकण्यासाठी नसते. येथे सोडलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि तेथून उजनी धरणात जाते, आणि उजनीचे पाणी सोलापूरचे लोक पितात. प्रतिजैविके अशा पाण्यात थोड्या थोड्या प्रमाणात राहिली की, त्यांना न जुमानणारे जिवाणू वाढायला वाव मिळतो. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, कीटकनाशकांचे आणि रंगाचे डबे, वापरलेल्या सुया हे सर्व घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. गोळ्या पाकिटातून न काढता, सिरपच्या बाटल्यांची बुचे घट्ट लावून, वेगळ्या पिशवीवर ठळक अक्षरांत लिहून ती कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हाती सांगून द्यावी. ओल्या-सुक्या कचऱ्यात लपवून दिली तर वर्गीकरण करताना त्यांच्याच हाताला इजा होते.

थिनर, रॉकेल किंवा पेट्रोल यांतले काहीही थेंबभरदेखील सिंकमध्ये जाऊ देऊ नये. त्यांची वाफ बंद गटारात साठते आणि ठिणगीने पेट घेते. मेक्सिकोतील ग्वादलाहारा शहरात २२ एप्रिल १९९२ रोजी गटारात मुरलेल्या पेट्रोलचे स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

प्रश्न : सोसायटीत सिंक तुंबले की काही सभासद ॲसिड ओततात, काही जण दुकानात मिळणारी पावडर घालतात. तरीही चेंबर भरले की आम्ही दोन माणसे बोलावून ते आत उतरून साफ करून घेतो. आणखी चांगला उपाय आहे का? (हडपसर, सोसायटीचे सचिव)

उत्तर : या दोन्ही गोष्टी आजच थांबवाव्यात. पाइप मोकळा करणाऱ्या बहुतेक पावडरींत कॉस्टिक सोडा असतो. तो पाण्यात पडताच प्रचंड उष्णता निर्माण होते आणि प्लास्टिकचा पाइप नरम पडू शकतो. त्यावर ॲसिड ओतले तर द्रव उसळून तोंडावर येतो. एका घरातून ॲसिड आणि दुसऱ्या घरातून ब्लीच आले तर एकाच पाइपात क्लोरीन वायू तयार होतो. सिंक तुंबल्यास खाली बादली ठेवून ट्रॅपची, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या नळीची, वाटी हाताने फिरवून काढावी आणि साफ करावी. बहुतेक वेळा अडथळा तेथेच असतो. आधी कोणी रसायन ओतले असेल तर ते ट्रॅप उघडणाऱ्याला अगोदर सांगावे, म्हणजे तो हातमोजे आणि चष्मा घालून काम करील.

संरक्षक साधने न देता माणसाला सफाईसाठी चेंबरमध्ये उतरवण्यास हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि काम देणारी सोसायटीही त्यात जबाबदार धरली जाते. साचलेल्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू प्रमाण वाढले की नाकाला कळेनासा होतो, त्यामुळे आत गेलेला माणूस सावध होण्याआधीच बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तेथेच पडतो. चेंबर साफ करण्यासाठी पाण्याच्या दाबावर चालणारी जेटिंग मशिन आणि मैला ओढून घेणारी गाडी मागवावी, आणि त्यांचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात धरावा.