आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिनला नवीन आहोत. शेजाऱ्यांनी शिकारीचं हरणाचं मांस भेट दिलंय. ते मटणासारखंच शिजवायचं का? आणि सोबत बार्बेक्यू सॉस घरी करता येईल का?

तुम्ही विस्कॉन्सिनला नवीन आहात असं प्रश्नात लिहिलंय, म्हणून आधी शेजाऱ्यांना एक विचारून घ्या: हरणाची सीडब्ल्यूडीची (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) तपासणी झाली होती का? हा हरणांच्या मेंदूचा रोग आहे. विस्कॉन्सिनमध्ये तो 2002 मध्ये पहिल्यांदा सापडला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण शिजवून तो जात नाही आणि बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा सल्ला आहे. राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं (डीएनआर) तपासणी फुकट करून देतं. इथले शिकारी या प्रश्नाने नाराज होत नाहीत, तेव्हा संकोच करू नका.

आता मटणासारखं का, तर अर्धं हो, अर्धं नाही. या मांसात चरबी जवळजवळ नसते आणि असते तीही नको असते. ती मेणासारखी टाळूला चिकटते आणि उग्र वास बराचसा तिचाच असतो. त्यामुळे दिसेल ती पांढरी चरबी आणि वरचा चकचकीत चंदेरी पापुद्रा धारदार सुरीने काढून टाका. सुरीचं पातं किंचित पापुद्र्याकडे तिरकं धरलं की मांस वाया जात नाही. गोळी लागलेल्या जागेजवळचं काळंनिळं मांसही टाकून द्या, त्यात शिशाचे कण असू शकतात. एवढं केलं की दुधात, व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायची गरज मला तरी कधी वाटली नाही.

पाकिटावर बहुतेक काय ते लिहिलेलं असतं. ‘बॅकस्ट्रॅप’ असेल तर तुमची चांदी आहे. ही पाठीच्या कण्यालगतची पट्टी. हिचा कृपया रस्सा करू नका. कुकरमध्ये गेली की वातड आणि कोरडी होते. मीठ-मिरी चोळा, बिडाचा तवा चांगला तापवा, तेलात दोन्ही बाजू खरपूस करा, शेवटी लोणी आणि ठेचलेला लसूण. थर्मामीटर आत 55-57 अंश सेल्सिअस दाखवायला लागला की उतरवा, पाच-सात मिनिटं झाकून ठेवा आणि धाग्यांना आडवं कापा. आत गुलाबी दिसेल. आपल्याकडच्या पाहुण्यांना ते बघवत नाही, त्यांचे तुकडे तव्यावर परत टाका. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांनाही पूर्ण शिजलेलंच. खिमा असेल तर तो सगळ्यांसाठीच 71 अंशांपर्यंत न्यायचा.

खांदा, मान, नळ्या मात्र खुशाल मटणासारख्या करा. त्यांना वेळच लागतो. कांदा-लसूण मसाला आणि भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण इथे फार उपयोगी पडतं, कारण मांसात नसलेला स्निग्धपणा खोबरं देतं. नाहीतर खांदा कांदा आणि थोडं पाणी घालून झाकणाच्या जड भांड्यात, 135 अंशांच्या ओव्हनमध्ये तीन-चार तास ठेवा. काट्याने सुटायला लागला की उकलून घ्या. बार्बेक्यू सॉस खरा जमतो तो यावर. बॅकस्ट्रॅपवर सॉस ओतणं मला पटत नाही.

बाजारातला गोड, दाट सॉस हा साधारण कॅन्सस सिटीच्या वळणाचा: टोमॅटो आणि काकवी. नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्वेकडे तो नुसता व्हिनेगर आणि मिरचीचा, पाण्यासारखा पातळ. हरणाला मला मधला आवडतो. एक कांदा किसून तेलात परता, चार पाकळ्या लसूण, मग एक कप केचप, पाव कप ॲपल सायडर व्हिनेगर, पाव कप किसलेला गूळ, मोठा चमचा चिंचेचा कोळ, मोठा चमचा वूस्टरशायर सॉस, लहान चमचा मोहरीची पूड, तेवढीच स्मोक्ड पॅप्रिका आणि मिरपूड. मंद आचेवर वीस मिनिटं. मीठ शेवटी चाखून, कारण केचप आणि वूस्टरशायर दोन्ही खारट. चिंच ऐकून दचकू नका, वूस्टरशायरमध्ये ती मुळातच असते. फ्रीजमध्ये दोन आठवडे सहज टिकतो.

ग्रिलवर काही भाजत असाल तर सॉस शेवटच्या पाच-दहा मिनिटांतच लावा, आधी लावला तर गूळ जळून कडू होतो. आणि धुराच्या चवीसाठी घरात निखाऱ्याचा धुंगार द्यायचा मोह झाला तर अंगणात द्या. पेटवायला सोपे म्हणून द्रव लावलेले कोळसे मिळतात, ते तर अजिबात नकोत, सॉसला रॉकेलचा वास येतो.

हे वाचून भारतात कोणी प्रयोग करायला जाऊ नये. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तिथे हरणाची शिकारच काय, मांस जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

तुमच्या पाकिटांवर नेमकं काय लिहिलंय ते कमेंटमध्ये सांगा. ‘शँक’ असेल तर नळ्यांच्या सुपाची कृती वेगळी लिहितो.