अमेरिकेत कमरेला उघड पिस्तूल लावून चालणाऱ्याला पोलीस अडवू शकतात का? त्यांना कायदा माहीत असतो का?

जिथे उघड शस्त्र बाळगणं कायदेशीर आहे, तिथे नुसतं पिस्तूल दिसलं म्हणून अडवून ठेवता येत नाही. गुन्ह्याचा रास्त संशय लागतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1968 च्या टेरी खटल्यातल्या निकालापासूनचा हा दंडक.

पण माहितीचं म्हणाल तर सगळा आनंदच. ओहायोतल्या टोलेडोत 2010 मध्ये कुत्रा फिरवायला निघालेल्या एका गृहस्थाच्या कमरेला पिस्तूल दिसलं, कुणीतरी पोलिसांना फोन केला आणि पोलिसांनी त्या गृहस्थाला बेड्या घालून गाडीत बसवलं. ओहायोत ते कायदेशीरच होतं! 2015 मध्ये अपील न्यायालयानं पोलिसांची बाजू फेटाळली. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं हाइन खटल्यात म्हटलं होतं, की पोलिसाची कायद्याबाबतची चूक समजण्याजोगी असेल तर अडवणूक वैध ठरू शकते. नागरिकाला मात्र अज्ञानाची सबब सहसा चालत नाही.

प्रत्यक्ष अडवलंच तर हात दिसतील असे ठेवा, पिस्तुलाकडे नेऊ नका, ‘मला जाता येईल का?’ एवढं विचारा. वाद रस्त्यावर नको, वकिलामार्फत घाला. शस्त्र जवळ असल्याचं आपणहून सांगायचं की नाही, हे राज्यागणिक बदलतं, तेवढं आधी पाहून ठेवा.