लॅपटॉपचं राहू द्या, विमा कुणाचा काढलाय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 46, साखर कारखान्यात नोकरी, हातात महिना 58 हजार, कमावणारे एकटेच. मुलीला पुण्यातल्या खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. फीशिवाय 92 हजारांचा लॅपटॉप विद्यापीठाकडूनच घेणं सक्तीचं, 24 'बिनव्याजी' हप्त्यांत. ते विचारतात, हप्ते घेऊ की मुलीच्या पॉलिसीवर कर्ज काढून रोख भरू?

दोन्ही नको. तसाच लॅपटॉप वाढीव वॉरंटीसकट बाजारात 72 हजारांना मिळतो, हे तुम्हीच लिहिलंय. 72 हजारांच्या वस्तूचे महिना 3,833 प्रमाणे दोन वर्षांत 92 हजार, म्हणजे व्याज पडलं वर्षाला 25 टक्क्यांच्या आसपास. बिनव्याजी कसलं डोंबलाचं! वर विद्यापीठाच्या लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची आणि कोर्स चार वर्षांचा. सक्ती लॅपटॉपच्या क्षमतेची आहे की त्यांच्याकडूनच घेण्याची, हे विद्यापीठाला ईमेलवर विचारा. तोंडी उत्तर घेऊ नका. फीसाठीचं शैक्षणिक कर्ज अजून मंजूर व्हायचंय ना? मग कोर्सला लॅपटॉप लागतो असं विद्यापीठाचं पत्र आणि दुकानाचं कोटेशन बँकेला द्या. अभ्यासक्रमाला लागणारा संगणक या कर्जात धरता येतो, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर सुरू होते. लॅपटॉपचा विषय इथे संपला.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्रासोबत पॉलिसीच्या बाँडचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. 'चाइल्ड प्लॅन' म्हणून नात्यातल्या एजंटाने गळ्यात मारलेली ही पॉलिसी, वर्षाला 60 हजार, 15 वर्षं. त्यात विमा कुणाचा आहे? मुलीचा! 8 लाखांचा. तुमच्या नावावर एक रुपयाचाही नाही. प्रीमियम वेव्हरही (हप्ते भरणारा गेला तर पुढचे हप्ते माफ होण्याची सोय) घेतलेला नाही, म्हणजे उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर पगार थांबेल, पण पॉलिसीचा हप्ता चालूच राहील. शैक्षणिक कर्जही मुलीच्या डोक्यावर. जिच्या कमाईवर घर चालत नाही तिचा विमा, आणि ज्याच्यावर चालतं तो मोकळा.

मुदत संपल्यावर 15 लाख मिळतील, असं एजंट सांगतोय. बोनस पाहता साडेबारा मिळाले तरी खूप. भरणार 9 लाख, परतावा जेमतेम 4 टक्के. शिवाय पैसे येणार मुलगी शेवटच्या वर्षाला जाताना, तोवर तीन वर्षांची फी भरून झालेली असेल. तरीही आता मोडू नका. 12 हप्ते गेलेत, तीनच उरलेत, सरेंडरमध्ये नुकसान जास्त. मुदत संपली की ती रक्कम शैक्षणिक कर्जात भरा. 'हीच मोडून नवीन गॅरंटीड प्लॅन घ्या' असं एजंट म्हणतोय म्हणे. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

या महिन्यातलं खरं काम म्हणजे तुमच्या स्वतःच्या नावावर 1 कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे, नाहीतर काही परत नाही), वयाच्या साठीपर्यंत. तुमच्या वयाला हप्ता वर्षाला 25-30 हजारांच्या आसपास बसेल. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही. पैसे परत मिळणारा टर्म प्लॅन कुणी पुढे केला तर घेऊ नका, हप्ता उगाच वाढतो. वैद्यकीय तपासणी टाळू नका. आणि तंबाखू खात असाल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. हप्ता वाढेल, वाढू द्या. लपवलंत तर नेमका क्लेम त्यावरच अडकेल, आणि तेव्हा भांडायला तुम्ही नसाल.