ग्राहकांचे प्रश्न : नव्या गाडीचे कोटेशन कसे वाचावे?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक असून आयुष्यातील पहिली मोटार विकत घेत आहे. जाहिरातीत गाडीची किंमत ८,००,००० रुपये होती. शोरूममधून मिळालेल्या कोटेशनची बेरीज मात्र ९,९५,१०० रुपये होते. त्यात आरटीओ १,०२,०००, विमा ५२,०००, हाताळणी व लॉजिस्टिक्स ९,५००, ॲक्सेसरी किट १५,०००, वाढीव वॉरंटी १६,००० आणि फास्टॅग ६०० अशा रकमा आहेत. गाडी पेट्रोलची, चार मीटरच्या आतली आणि १,२०० सीसीपेक्षा लहान इंजिनाची आहे. यातील काय द्यावेच लागते आणि कशाला नाही म्हणता येते?

उत्तर : आपण कोटेशन ओळीनुसार लिहून पाठवलेत हे फार बरे केलेत, कारण बहुतेक जण फक्त खालची बेरीज पाहतात आणि तिच्यातून किती सूट मिळेल एवढेच विचारतात. प्रत्येक ओळीपुढे बोट ठेवून एकच प्रश्न विचारावा : या रकमेची पावती मला कोणाच्या नावाची मिळणार? सरकारी कराची पावती सरकारकडून येते, विम्याच्या रकमेसमोर विमा कंपनीची पॉलिसी येते, आणि उरलेल्या रकमा विक्रेत्याच्या बिलावर दिसायला हव्यात. जी रक्कम या तिन्हींपैकी कशातच सापडत नाही, ती देण्याचे आपल्यावर बंधन नाही.

पहिली ओळ ८,००,००० रुपयांची, म्हणजे एक्स-शोरूम किंमत : वाहनकर, नोंदणी आणि विमा धरण्याआधीची. वस्तू व सेवा कर हिच्यात आधीच धरलेला असतो, तो वेगळा द्यायचा नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्यासारख्या छोट्या गाड्यांवर हा कर १८ टक्के आहे आणि नुकसानभरपाई उपकर रद्द झाला आहे. याचा अर्थ गाडीची मूळ किंमत ६,७७,९६६ रुपये आणि कर १,२२,०३४ रुपये. त्याआधी २८ टक्के कर आणि १ टक्का उपकर होता. त्या हिशेबाने हीच गाडी पावणेनऊ लाखांच्या घरात गेली असती. शोरूममध्ये जुने छापील दरपत्रक हाती पडले, तर त्यावरची तारीख आधी पाहावी.

आरटीओच्या ओळीवर मात्र थांबायला हवे. महाराष्ट्रात वैयक्तिक वापराच्या पेट्रोल गाडीवर एकरकमी वाहनकर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. आपल्या गाडीचा कर त्यानुसार ८८,००० रुपये होतो. नोंदणी शुल्क ६०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० रुपये आणि गाडी कर्जावर घेत असाल तर बँकेचा बोजा नोंदवण्याचे १,५०० रुपये. एवढे सगळे मिळून ९०,३०० रुपये होतात. आणखी काही किरकोळ आकार धरला, तरी पसंतीचा क्रमांक मागितला नसताना ही ओळ एक लाखाच्या पुढे जाण्याचे कारण मला दिसत नाही. त्यामुळे १,०२,००० रुपयांची फोड लेखी मागा, आणि पासिंग झाल्यावर कराची पावती घेऊन प्रत्यक्ष भरलेल्या रकमेशी ताडून पाहा. फरक राहिला तर तो परत मागण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

विमा बंधनकारक आहे. तो त्याच शोरूममधून घेणे बंधनकारक नाही. ही गोष्ट मी कितीही वेळा लिहायला तयार आहे, कारण सर्वांत जास्त पैसे याच ओळीत वाचतात. विम्याचे दोन भाग असतात. तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई देणारा, नव्या मोटारीला तीन वर्षांसाठी एकदम घ्यावा लागतो आणि त्याचा दर सरकारने ठरवलेला असल्यामुळे सर्व कंपन्यांत तो सारखाच असतो. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला तो कर वगळून १०,६४० रुपये आणि १,००० सीसीपर्यंतच्या गाडीला ६,५२१ रुपये आहे. याउलट गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो आणि ५२,००० रुपयांतला मोठा हिस्सा त्याचा व त्याला जोडलेल्या जादा संरक्षणांचा आहे. घसारा न कापता भरपाई देणारे संरक्षण नव्या गाडीला घ्यावे असे माझे मत आहे. चावी हरवणे, टायर, सामान यांची संरक्षणे गरजेप्रमाणे ठरवावीत. बाहेरून दोन-तीन कंपन्यांचे दर घेताना विमा उतरवलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, आणि जोडलेली संरक्षणे सर्वांत सारखी ठेवा, नाहीतर स्वस्त दिसणारी पॉलिसी कमी किमतीवर काढलेली निघते. ‘बाहेरचा विमा घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही’ असे सांगितले जाते. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचे पैसे विमा कंपनीने थेट वर्कशॉपला देण्याची सुविधा, त्या विमा कंपनीचा आणि वर्कशॉपचा करार आहे की नाही यावर अवलंबून असते, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. बाहेरच्या पॉलिसीसाठी इंजिन व चासी क्रमांक लागतात, ते वेळेत मागून घ्या.

हाताळणी व लॉजिस्टिक्सचे ९,५०० रुपये देऊ नका. कारखान्यातून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च आणि विक्रेत्याचे कमिशन एक्स-शोरूम किमतीतच असते, आणि कोणत्याही सरकारी शुल्कात हा आकार येत नाही. माझ्या भाच्याची गाडी घेताना मी त्याच्यासोबत होतो. कोटेशनवर हीच ओळ वेगळ्या नावाने होती. तिची वेगळी पावती मिळेल का, एवढेच आम्ही शांतपणे विचारले. विक्री प्रतिनिधी कागद घेऊन आत गेला, आणि दहा मिनिटांनी तोच कागद परत आला तेव्हा त्या ओळीवर निळ्या पेनाने आडवी रेघ मारलेली होती, शेजारी सही होती. आवाज चढवण्याची वेळ आली नाही. आपल्या बाबतीत नकार मिळाला, तर तो लेखी मागा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

ॲक्सेसरी किट पूर्णपणे ऐच्छिक आहे. पायपुसण्या, चिखलरोधक आणि सीट कव्हर बाजारात सुटी मिळतात. वाढीव वॉरंटी उपयोगी असू शकते, परंतु ती साधारणपणे मूळ वॉरंटी संपण्याआधी केव्हाही घेता येते, तेव्हा आजच घ्यायची घाई नको. फास्टॅग हवाच.

प्रश्न : दोन प्रकारांमध्ये निवड करायची आहे. एकाची एक्स-शोरूम किंमत ९,९०,००० आणि दुसऱ्याची १०,१०,००० रुपये आहे. फरक वीस हजारांचाच आहे ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, कारण मध्ये दहा लाखांची रेषा आहे. पहिल्या गाडीचा ११ टक्क्यांनी होणारा वाहनकर १,०८,९०० रुपये. दुसरीला संपूर्ण किमतीवर १२ टक्के लागून तो १,२१,२०० रुपये होतो. शिवाय दहा लाखांपेक्षा जास्त किमतीच्या गाडीवर विक्रेता आयकर कायद्यानुसार १ टक्का रक्कम गोळा करतो, आणि तीही वरच्या दहा हजारांवर नव्हे तर पूर्ण किमतीवर, म्हणजे १०,१०० रुपये. ही शेवटची रक्कम खर्च समजू नये. ती आपल्या पॅनवर जमा होते, विवरणपत्र भरताना आयकरात वळती करता येते आणि कर देय नसेल तर परतही मिळते. त्यासाठी पॅन अचूक द्या आणि काही महिन्यांनी आयकर खात्याकडील आपल्या जमा कराच्या विवरणात (फॉर्म २६ एएस) नोंद दिसते का ते पाहा. एकूण विचार करता वीस हजारांच्या सोयींसाठी खरे पैसे ३२,३०० मोजावे लागतील, विम्यातील वाढ वेगळी.

प्रश्न : डिसेंबरमध्ये बुकिंग केले, जानेवारीत किंमत वाढली. जुनी किंमत मागता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बुकिंगच्या अर्जाची मागची बाजू वाचा. बहुतेक अर्जांवर ताबा देताना असलेली किंमत लागू राहील असे छापलेले असते, आणि तसे असेल तर जुनी किंमत हक्काने मागता येत नाही. विक्रेत्याने ठरावीक किंमत किंवा ताब्याची तारीख लिहून दिली असेल, तर तो कागद आपल्या बाजूचा आहे. गाडी जानेवारीत मिळत असली तरी ती आदल्या वर्षी बनलेली असू शकते, म्हणून बिल होण्याआधीच उत्पादनाचा महिना व वर्ष लेखी विचारा, कारण पुढे गाडी विकताना तेच वर्ष मोजले जाते. उरलेली रक्कम भरण्यापूर्वी गाडी प्रत्यक्ष पाहा आणि तिच्यावरचा चासी क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर जुळवून घ्या.